पाणी कितव्या पायरीवर आहे?

देवळाला ऑइलपेंट नुकताच लागला होता. खांबाला हात टेकला तर तळवा केशरी झाला. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत चकचकीत टाइल्स, वर पत्र्याचं शेड, भिंतीत संगमरवराच्या पाट्या आणि पाट्यांवर देणगीदारांची नावं, रकमेच्या उतरत्या क्रमाने. तिथून दहा पावलांवर बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर. तिच्या तोंडाशी गेलं की आधी वास येतो, मग पाणी दिसतं. पाण्यावर चुनऱ्या, नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीचे पुडे. एका कोपऱ्यात प्लास्टरचा गणपती सोंडेपर्यंत गाळात रुतलेला. दगड मात्र असे बसवलेले की सांध्यात पोस्टकार्ड जायचं नाही.

रामटेक तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही, कारण शेजारच्या दहा गावांत हेच चित्र आहे आणि एकट्या याच गावाची शोभा व्हायला नको. नगरधनचा किल्ला बघून आम्ही नागपूरला परत निघालो होतो. सोबतच्या मित्राला कोणीतरी सांगितलं, इथं एक बावडी आहे, म्हणून गाडी आत घातली. देवळाच्या ओट्यावर एक आजी वाती वळत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, हिला पाणी असतं का हो उन्हाळ्यात?

"मी लगन होऊन आली तवा पाणी सातव्या पायरीले राहे, बाप्पा. उन्हाळ्यात बाराव्या. दुष्काळाच्या साली अठराव्या पायरीवर उभं राहून गुंड भरला, पण भरला. आता कोन मोजते?"

त्यांना वाटलं, मी जुन्या आठवणी विचारतोय. मलाही आधी तसंच वाटलं. गाडीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला की बाई हिशेब सांगत होत्या. गावाच्या भूजलाचा पन्नासेक वर्षांचा हिशेब, तोही महिन्यानिशी, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. देवळाच्या रंगाला कोणी किती दिले, ते मात्र दगडात कोरलेलं आहे.

तर माझं म्हणणं असं. जिथे देऊळ आणि बावडी एका आवारात आहेत, तिथे बावडीचा गाळ निघून तिच्या पाण्याची नोंद सुरू होईपर्यंत देवळाच्या रंगरंगोटीला सरकारी तिजोरीतून एक रुपया जाऊ नये. आमदार निधी नाही, 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा निधी नाही, सभामंडप नाही, पेव्हर ब्लॉक नाही. भाविकांनी स्वतःच्या खिशातून काय करायचं ते करावं, त्यात मी पडत नाही. पण माझ्या-तुमच्या करातला पैसा आधी पायऱ्या उतरून खाली गेला पाहिजे.

हे देवाधर्माच्या विरोधात आहे असं कोणी म्हणेल. त्यांनी नगरधनच्या किल्ल्यात जाऊन यावं. आज दिसतो तो किल्ला भोसल्यांच्या काळातला, पण जागा त्याहून कितीतरी जुनी. हे वाकाटक राजांची राजधानी असलेलं नंदिवर्धन. डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने २०१५ ते २०१८ या काळात इथे उत्खनन केलं, त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. ही चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी. नवरा गेल्यावर अज्ञान मुलाच्या वतीने तिने इथून राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट रामगिरीस्वामीच्या पादमूलातून दिलेला आहे, आणि रामगिरी म्हणजे समोर दिसणारा रामटेकचा डोंगर, असं इतिहास-संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. तर या किल्ल्यातली देवी कुठे आहे? बावडीत. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावं लागतं. वर ऊन मी म्हणत असतं आणि खाली दहा पायऱ्यांत हवा बदलते, आवाज बदलतो, आपोआप आपणही हळू बोलायला लागतो. दर्शनाची वाट आणि पाण्याची वाट इथे एकच आहे.

रामटेकच्या पायथ्याची कापूर बावडी बघा. यादवकाळातली मानतात. बावडीला लागून कोरीव खांबांचं जुनं देऊळ आहे. गडावर राममंदिराला जाणारे हजारो लोक तिच्या जवळून जातात आणि त्यातले फार थोडे तिकडे वळतात. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात बावडीला बारव म्हणतात; तिथल्या बारवांच्या भिंतीत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींचे कोनाडे असतात, कुठे कुठे शेषशायी विष्णू असतो. आपल्याकडे पाण्याशेजारी शेंदूर लावलेले सात दगड, म्हणजे साती आसरा, पाण्याच्या देवता. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती पाणवठा पुजायला. ज्यांनी हे बांधलं त्यांच्या लेखी देऊळ एक काम आणि विहीर दुसरं काम, अशी फोड नव्हती. ती फोड आपली. देऊळ ट्रस्टकडे, त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे. विहीर ग्रामपंचायतीची, किंवा महसूलची, किंवा पुरातत्त्वची, किंवा वनखात्याची, किंवा सातबाऱ्यावर कोणाच्या तरी इतर हक्कांत. देवळाला पाच मालक पुढे येतात. विहिरीचा मालक कोण हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

ही फोड कुठपर्यंत जाऊ शकते हे आपल्या शेजारच्या इंदूरने पाहिलं. ३० मार्च २०२३, रामनवमी. बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चाललं होतं. लोक बसले होते ती जमीन नव्हतीच. जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब होता. तो खचला आणि ३६ माणसं गेली. त्यांच्यातल्या कितीजणांना आपण विहिरीवर बसलोय हे ठाऊक असेल? देवाला जागा कमी पडली म्हणून पाणी झाकलं. नंतर प्रशासनाने काय केलं, तर वरचं बांधकाम पाडलं आणि बावडीही बुजवून टाकली. मला हे शेवटचं वाक्य पहिल्याइतकंच अस्वस्थ करतं. गुन्हा स्लॅबचा, फाशी विहिरीला.

आता जुन्या बावड्यांचे गोडवे गाणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, आणि त्यांच्यात मी स्वतः बराच काळ होतो. "आपल्या पूर्वजांचं जलव्यवस्थापन" असं लिहिलेले फोटो मीही पाठवलेत. नागपूरच्या माणसाने तरी हे डोळे मिटून म्हणू नये. पायऱ्या होत्या, पण त्या कोणाला उतरता येत होत्या? महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना ओंजळभर पाणी प्यायला मोर्चा न्यावा लागला, तेही नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच झालेला असताना. १९७२च्या दुष्काळाच्या काळात बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथे बसून बावडीच्या कोरीव कामावर लिहिताना, हे पाणी शेजारच्या वस्तीला लांबून ओतून मिळत होतं का, हा प्रश्न टाळून चालत नाही. त्या गावात मी तो विचारला. आजी वाती वळत राहिल्या. तेवढ्यात त्यांच्या नातवाच्या वयाचा एक पोरगा म्हणाला, "आमच्याकडचे लोक हिच्यावर येत नव्हते. आमची विहीर तिकडे होती, बिनपायऱ्यांची." तो सहज बोलला, रागावून नाही. ती बिनपायऱ्यांची विहीर आता बुजली आहे. तिच्यावर कोणी लेख लिहिणार नाही.

म्हणून बावडीची सफाई गावकीच्या किंवा उत्सव समितीच्या मर्जीवर सोडू नये, असं मी म्हणतो. ती ग्रामसभेचा ठराव होऊन, सगळ्या वस्त्यांच्या हजेरीने व्हावी. वारसा म्हणायचा तर त्याचा वाटा सगळ्यांना मिळाला पाहिजे. पूर्वी जे वाटेकरी नव्हते त्यांना आधी.

दुसरी गोष्ट नारूची. तरुण वाचकांना हा शब्दही माहीत नसेल. नारू झालेल्या माणसाच्या पायातून दोन-अडीच फूट लांब जंत बाहेर येई, आठवडेच्या आठवडे, काडीला गुंडाळून इंच-इंच ओढावा लागे. असा पाय पाण्यात बुडाला की जंत अळ्या सोडणार, पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव त्या गिळणार, ते पाणी जो पिईल त्याला वर्षभराने नारू. म्हणजे ज्या विहिरीत उतरून, पाय बुडवून पाणी भरतात, तीच या रोगाची नेमकी जागा. १९८०च्या दशकात नारू निर्मूलनाची मोहीम देशभर सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रही बाधित राज्यांत होता, आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं किंवा त्यांना कठडा बांधून रहाटाच्या करणं हा त्या मोहिमेचा भाग होता. शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. तेव्हा "इंग्रजी शिकलेल्यांनी आपल्या बावड्या मारल्या" ही तक्रार अर्धीच खरी. काही बावड्या माणसं वाचवण्यासाठी बंद झाल्या आणि ते बरोबर होतं.

मग आज त्यांचं करायचं काय? पिण्याचं पाणी त्यातून घ्या, असं मी म्हणणार नाही. नळ आला आहे, येऊ द्या. पण नळाचं पाणी येतं कुठून, हे नागपूरकरांना २०१९च्या जुलैत कळलं. पेंच नदीवर वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झालेलं, त्यात पावसाने ओढ दिली, शहराला पाणी देणारं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. त्या दिवसांत महाल-इतवारीत ज्यांच्या वाड्यात विहीर होती त्यांच्याकडे शेजारी पुन्हा बादल्या घेऊन गेले. माझ्या मावशीच्या वाड्यातल्या विहिरीवर लोखंडी जाळी होती, जाळीवर कुंड्या होत्या. कुंड्या उचलताना पहिल्यांदा दिसलं की खाली पाणी आहे आणि ते आपल्या अपेक्षेपेक्षा बरंच वर आहे. पाऊस झाला, नळ सुरळीत झाला. कुंड्या परत जाळीवर गेल्या.

बावडीचं खरं काम मला आता मोजमापाचं वाटतं. जमिनीखालचं पाणी दिसत नाही, हीच सगळी अडचण आहे. वरूड-नरखेडकडे संत्र्याच्या बागांसाठी बोअर किती खोल गेल्या, हे ज्याचं त्यालाच माहीत. शेजाऱ्याची आटली की माझी अजून खोल, एवढाच नियम. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ते काम चांगलं आहे, पण तो आकडा कार्यालयात जातो, तक्त्यात बसतो आणि गावातल्या माणसाला तो मीटरमध्ये वाचून काही कळत नाही. पायरी कळते. "मार्चमध्येच पाणी अठराव्या पायरीवर गेलं" हे वाक्य पारावर बोलता येतं, त्यावर भांडता येतं, त्यावरून कोणाची बोअर थांबवता येते. बावडी म्हणजे गावाच्या मध्यावर उभी केलेली दगडी मोजपट्टी आहे आणि तिच्यावर कोणालाही उतरून वाचता येतं. आता खरोखर कोणालाही.

यासाठी पैसा किती लागेल? देवळापुढच्या एका कमानीला लागतो त्याहून कमी, एवढं मी डोळे झाकून सांगतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फळा असतो, त्यावर आवक-जावक लिहिलेली असते. त्याच फळ्यावर दर अमावस्येला एक आकडा लिहायचा. शाळेच्या पोरांना हे काम दिलं तर ती भांडून करतील.

पुरातत्त्ववाले इथे हात वर करतील आणि त्यांचं ऐकलंच पाहिजे. गाळ म्हणजे कचरा नव्हे. त्यात मूर्तींचे तुकडे असतात, नाणी असतात, खापरं असतात, कुठला थर कधीचा हे त्यातूनच ठरतं. जेसीबी लावून एका दुपारी सगळं उपसलं तर शंभर-दोनशे वर्षं ट्रॉलीत भरून शेतात जातात. शिवाय एकदम पाणी उपसलं तर मागच्या मातीचा दाब भिंतीवर येतो आणि इतकी वर्षं उभी असलेली भिंत आठवड्यात पोट काढते. तेव्हा काम हळू, हाताने, उन्हाळ्यात, जाणकाराच्या देखरेखीखाली. मान्य. पण देखरेख म्हणजे काय, तर गावाने अर्ज करायचा आणि मग परवानगीची वाट बघत बसायचं, असं होता कामा नये. एका गावातल्या लोकांनी श्रमदानाला टोपल्या विकत आणल्या आणि परवानगी येईपर्यंत टोपल्यांचा भुगा झाला, हे मी पाहिलेलं आहे. कार्यालय कुठलं ते सांगत नाही. तिथल्या माणसांनाही माणसं कमी आहेत, हे त्यांनीच मला चहा पाजून सांगितलं.

गाळाचा एक उपकारही सांगायला हवा. गुजरातेत पाटणची राणी की वाव आज जगप्रसिद्ध आहे. २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेली, २०१८पासून शंभराच्या जांभळ्या नोटेवर छापली जाते. ती इतकी शाबूत राहिली, कारण सरस्वती नदीच्या पुराच्या गाळात ती कित्येक शतकं गाडलेली होती. मूर्तींचे नाक-डोळे त्या गाळाने राखले. पण तिथे जाऊन आलेल्यांना विचारा, ते मूर्ती सांगतील, खांब सांगतील, तिकिटाचा दर सांगतील. पाण्याबद्दल कोणी बोलणार नाही. ती आता संग्रहालय आहे, उत्तम संग्रहालय आहे, आणि देशात अशी काही असावीत. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर मात्र मला जास्त आवडते. तिथे आतला महाल आणि वरची मोटेची जागा दोन्ही बघता येतं आणि वाकून खाली पाहिलं तर पाणी हलताना दिसतं.

आपल्या विदर्भातली महिमापूरची बावडी घ्या, अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यात. मजल्यावर मजले जमिनीत उतरत जातात, किल्ला उलटा करून पुरल्यासारखा. तिच्याबद्दल सगळे विचारतात, तिथे जायला रस्ता कसा आहे. पर्यटन वाढवा, दिवे लावा, सेल्फी पॉइंट करा. महाशिवरात्रीला बारवांमध्ये पणत्या लावायची पद्धत राज्यभर पसरली, ती मला मनापासून आवडते; त्या निमित्ताने कितीतरी गावांनी आपली बारव पहिल्यांदा झाडली. परभणी जिल्ह्यात वालूरच्या लोकांनी तर आपली बारव उकरून मोकळी केली. पण पणतीचा उजेड एका रात्रीचा. दुसऱ्या दिवशी पाणी कितव्या पायरीवर आहे हे ज्या गावाला सांगता येईल, त्या गावाची बावडी जिवंत, असं मी धरतो. या हिशेबाने नागपूर जिल्ह्यात किती जिवंत निघतील?

पोरं बुडतील, ही भीती उरतेच आणि ती खोटी नाही. कठडा बांधा, दार बसवा, किल्ली ग्रामपंचायतीत ठेवा, पण दाराला जाळी असू द्या, पत्रा नको. आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसलं पाहिजे. पत्रा लागला की सहा महिन्यांत आत कचरा जातो आणि तीन वर्षांत वर स्लॅब येतो.

मागच्या महिन्यात मी त्या गावात पुन्हा गेलो. आजी भेटल्या नाहीत, मुलीकडे गेल्या होत्या. तो बिनपायऱ्यांच्या विहिरीवाला पोरगा भेटला. त्याला म्हटलं, चल, मोजू. चुनऱ्या पायाने बाजूला सारत आम्ही उतरलो. माझ्या मोजणीने एकोणीस झाल्या. तो खालून वर मोजत आला आणि त्याच्या सहा झाल्या. वाद सुरू झाला. "खालून मोजलं तर किती पाणी आहे ते कळते ना सर," तो म्हणाला, आणि त्याचं तर्कशास्त्र बरोबरच होतं. मग त्याने काठी पाण्यात खुपसली. काठी हातभर पाण्यातून गेली आणि पुढे लोण्यात सुरी जावी तशी खाली जात राहिली, मुठीपर्यंत. त्याने ती ओढून काढली, काळ्या गाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंग खालची पहिली पायरी कोनती?"